मामाचं घर रिकामं करायचंय: जुनं सामान विकावं कुठं, द्यावं कुणाला?

तांबडी_माती (१२ एप्रिल, रात्री ९:४०)

मंडळी, मदत हवी आहे.

माशेलजवळ आमच्या मामाचं घर आहे. मामा गेल्या पावसात गेला, मामी आता मुलाकडे पुण्याला असते. पाऊस पडायच्या आत कौलं उतरवून नवे वासे घालायचे आहेत, म्हणजे मेअखेरपर्यंत आतलं सगळं बाहेर काढायला हवं. मुलगा फोनवर म्हणतो, "तुला वाटेल ते कर." हे वाक्य ऐकायला सोपं, निस्तरायला कठीण.

सामान असं: आरशाचं शिसवी कपाट (अजस्र), दोन खाटा, पायाचं शिलाई मशीन, सहा वर्षांचा १९० लिटरचा फ्रिज, मामाची स्कूटर, न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण, दोन पेट्या मराठी पुस्तकं आणि कापसाच्या पाच गाद्या. किरकोळ भांडीकुंडी वेगळी.

यातलं विकायचं काय, फुकट द्यायचं काय, आणि गोव्यात हे कुठं करतात? मी पणजीला असतो, फक्त रविवारी जाऊ शकतो.

काजूचं_बोंड

सगळ्यात आधी मामीला विचारलंस का? मुलगा "वाटेल ते कर" म्हणाला, मामी म्हणाली नाही.

मांडवीपार

फ्रिज, मशीन, खाटा: ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस. पर्वरीला घर बदललं तेव्हा मी तीन आठवड्यांत सगळं काढलं. फोटो दिवसा, दार उघडं ठेवून काढ. फ्रिजचा आतला फोटो आणि मागच्या जाळीचा फोटो टाक, किनाऱ्याकडचे लोक गंज बघतात. जिथं टवका उडालाय तिथला फोटो आपणहून टाकायचा, म्हणजे बघायला आलेला माणूस दारात उभा राहून पाचशे कमी करत नाही. उंची-रुंदी-खोली लिही. नाही लिहिलीस तर चाळीस जण विचारतील आणि त्यातला एकही येणार नाही.

आणि "लास्ट किती?" या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस. "या, बघा, मग बोलू." बस्स.

फोंड्याची_काकू

बाबा, तू पणजीत बसून मोबाइलवर फोटो टाकशील आणि गिऱ्हाईक येणार मडगावहून, तेही तू माशेलला नसताना. त्यापेक्षा गावातल्या पदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांग. मी थट्टा करत नाही. रोज पहाटे आणि संध्याकाळी तो प्रत्येक दारात जातो. कुणाच्या घरी लग्न ठरलंय, कुणी खोली भाड्यानं दिलीय, कुणाचा फ्रिज बंद पडलाय, त्याला सगळं ठाऊक. आमचा जुना फ्रिज असाच गेला. सकाळी पाव घेताना बोलले, संध्याकाळी पाव घेताना गिऱ्हाईक सोबत. दुसरी जागा म्हणजे कोपऱ्यावरचा पसरा, आपलं छोटं दुकान. तिथं एक कागद चिकटव.

मांडवीपार

काकू, पदेराचं कमिशन किती? :)

फोंड्याची_काकू

त्याला फ्रिजबरोबरचा स्टॅबिलायझर दिला. खूश.

खाडीकाठ

ऑनलाइन विकणार असशील तर माझी गोष्ट वाच, कारण मी स्वतःला हुशार समजत होतो.

जेवणाचं टेबल लावलं होतं, ६,००० रुपये. दहा मिनिटांत फोन. "सर, मी सैन्यात आहे, बांबोळीला बदली झालीय. टेबल पसंत आहे, गाडी पाठवतो, पैसे आत्ताच देतो." घासाघीस नाही, बघायला येणं नाही. तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ओळखपत्राचा फोटो आला, गणवेशातला फोटो आला. मग एक क्यूआर कोड आला, "हा स्कॅन करा, आधी दहा रुपये येतील, खात्री करून घ्या." स्कॅन केला, पिन घातला. त्यानं खरोखरच दहा रुपये पाठवले. विश्वास बसला. दुसरा कोड ६,००० चा. पुन्हा पिन घातला आणि माझ्याच खात्यातून ६,००० गेले. "सर, चुकून उलटं झालं, परत करतो, आणखी एकदा स्कॅन करा." मी आणखी एकदा स्कॅन केला! बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, "टेबल गेलं का?" टेबल तिथंच होतं, १२,००० गेले होते.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खिशातून चाललेत.

बाराबंदी

असं झालं तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर अडकवता येतात. रात्र गेली की ते चार खाती फिरून आलेले असतात. सकाळी बघू म्हणायचं नाही.

काजूचं_बोंड

खाडीकाठ, टेबलाचं शेवटी काय झालं?

खाडीकाठ

त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून हे टंकतोय.

दर्याची_हवा

मी बार्देशातली. आमच्याकडे जुन्या सामानाचा हंगाम असतो आणि तो आत्ताच आहे. सहा-सहा महिने राहणारे विदेशी मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा गॅस शेगडी, मिक्सर, सायकल, योगाची चटई, सगळं निघतं. मेअखेरीस शॅकवाले (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खाणावळी) आवरतात: खुर्च्या, टेबलं, मोठे फ्रीझर. घेणाऱ्यासाठी हा काळ चांगला, विकणाऱ्यासाठी वाईट. म्हणून तुझा फ्रिज आमच्या किनाऱ्याच्या ग्रूपवर टाकू नकोस, तिथं पंधरा पडलेत. फोंडा, डिचोलीकडेच टाक.

घेणाऱ्यांना एक सांगते. शॅकचा फ्रीझर स्वस्त दिसला तरी तळ बघा. खाऱ्या हवेनं खालचा पत्रा पापडासारखा झालेला असतो, वरून रंग मारलेला. बोटानं दाबला की कळतं.

साकवावरून

अवांतर: हणजूणचा बुधवारचा बाजार मुळात याचसाठी सुरू झाला होता ना? सत्तरच्या दशकात हिप्पींचे पैसे संपले की ते आपल्या जीन्स, रेडिओ, कॅमेरे, पुस्तकं किनाऱ्यावर मांडून विकायचे, म्हणजे आणखी महिनाभर राहता यायचं. एट फिंगर एडी नावाच्या अमेरिकनाचं नाव त्या संदर्भात घेतात. आता तिथं जाऊन जुनी वस्तू शोधून दाखवा. सगळा नवा माल, दिल्ली-राजस्थानचा, आणि मराठीत बोललं तरी भाव इंग्रजीत सांगतात.

दर्याची_हवा

बाबांकडे त्या काळातला एक रेडिओ आहे, हणजूणलाच घेतलेला. चालत नाही. विकतही नाहीत.

साकवावरून

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र अजून चुकूनमाकून सापडतं. जुनी कुलपं, पितळी दिवे, नाणी, चिनीमातीच्या बशा घेऊन बसणारे असतात. सकाळी लवकर जायचं. मला तिथं अडकित्ता मिळाला, आजीच्या अडकित्त्यासारखा हुबेहूब. घरी आल्यावर आई म्हणाली, "आजीचाच तसा होता, आपण दोन वर्षांमागे भंगारात दिला." तोच असेल का, यावर घरात आजही वाद आहे.

आरटीओ_पीडित

स्कूटरबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो, कारण खरा घोळ तिथंच आहे.

मामा हयात नाहीत, गाडी त्यांच्या नावावर. म्हणजे ती तू विकूच शकत नाहीस, मामीची सही घेऊनही नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागते: फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विमा, पीयूसी, इतर वारसांची ना-हरकत. नियमानं हे तीन महिन्यांत करायचं असतं. गेल्या पावसात गेले म्हणजे मुदत टळलीय, दंड बसेल, पण काम होतं. त्यानंतर विक्री: फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव राहिलंय, असं असेल तर आधी फॉर्म ३५. घेणारा महाराष्ट्रातला असेल, दोडामार्ग किंवा सावंतवाडीचा, तर फॉर्म २८ ची ना-हरकत.

"कागदावर सही करून देतो, नावावर नंतर करू" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. मी माझी बाइक एका मित्राच्या मित्राला अशीच दिली. दीड वर्ष त्याचे दंड माझ्या मोबाइलवर येत होते. हेल्मेट नाही, हेल्मेट नाही, नो पार्किंग, हेल्मेट नाही. तो कुठं फिरतो हे त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

माडावयली_चांदणी

घेणाऱ्यांसाठी जोड: गोव्यात स्वस्त स्कूटर दिसली की ती भाड्याच्या धंद्यातली तर नव्हती, हे बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. ती खाजगी करून घेतल्याशिवाय पांढरी पाटी लावता येत नाही. आणि पाटी बदलली तरी ज्या स्कूटरनं तीन वर्षं रोज नवा पर्यटक वाहिलाय तिचं इंजिन काय ते सांगणारच. आरसीवर जुना प्रकार दिसतो, विचारा.

जुना मोबाइल घेणार असाल तर त्यावर *#०६# दाबून आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक) काढा आणि "केवायएम", जागा सोडून तो आकडा, असा संदेश १४४२२ ला पाठवा (केवायएम इंग्रजी अक्षरांत). चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतं.

वाड्यावरचा

माफ करा, पण मला हा धागाच खुपतो. शिसवी कपाट, तांब्याचं भाण, हे "सामान" नाही. उद्या ते कुठल्यातरी हॉटेलच्या स्वागतकक्षात उभं असेल आणि त्यात टॉवेल ठेवलेले असतील. आपण गोंयकार स्वतःच्या हातानं घरं रिकामी करतो आणि मग संस्कृती गेली म्हणून रडतो.

काजूचं_बोंड

वाड्यावरचा, कपाट तुझ्या वाड्यावर पाठवू का?

वाड्यावरचा

माझ्याकडे आधीच दोन आहेत.

काजूचं_बोंड

बघ. प्रत्येकाकडे आधीच दोन आहेत.

सुतारपक्षी

भांडू नका, कपाटाचं मी सांगतो. आजोबांपासून आमचं सुतारकाम.

पहिलं, ते शिसवीच आहे याची खात्री कर. फणसाला काळं पॉलिश मारून शिसवी म्हणून खपवलेली कपाटं मी ढिगानं पाहिलीत. वरचा खण पूर्ण बाहेर काढ, त्याच्या मागच्या बाजूला पॉलिश नसतं, तिथं रंग आणि रेषा बघ. शिसव जांभळट-तपकिरी, आत काळ्या रेघा, आणि वजनाला दगड.

दुसरं, ते दारातून बाहेर येणार नाही. आत्ताच सांगतो. अशी कपाटं खोलीतच उभी केलेली असतात. खिळे नसतात, पाचरांवर असतात. आधी वरचा मुकुट सरळ वर उचलायचा, मग दारं, मग पाठीच्या फळ्या सरकवून काढायच्या, शेवटी बाजू. प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घाल आणि फोटो काढ. हातोडीनं ठोकू नको, लाकडी ठोकळा मध्ये धर. आरसा आधी काढ आणि गादीत गुंडाळ. तुझ्याकडे पाच आहेत.

भाव करायला येणारा पहिला माणूस म्हणेल "वाळवी लागलीय". दुसरा म्हणेल "आरसा गेलाय". तिघांना दाखवल्याशिवाय आकडा बोलू नको.

तांबडी_माती

बापरे, आभार. आरसा बेल्जियमचा आहे असं मामा सांगायचा.

सुतारपक्षी

गोव्यात प्रत्येक आरसा बेल्जियमचाच असतो.

बाराबंदी

शंभर वर्षांपुढची मूर्ती, चित्र असं काही निघालं तर जरा थांबा. १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते, देशाबाहेर पाठवता येत नाही, काही प्रकारांची नोंदणीही लागते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. पेटीच्या तळाशी मोडी लिपीतले कागद असतील तर रद्दीत घालू नका, आधी कुणा जाणकाराला दाखवा.

भाणाचं म्हणाल तर भंगारवाला तांबं म्हणून किलोवर घेईल, मोडीच्या भावात. नांगर, माप, रहाट, असल्या टाकलेल्या वस्तू गोळा करूनच बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय उभं राहिलं, हे भंगारवाल्याच्या काट्यावर भाण ठेवण्याआधी आठवा.

पाटोवरची

पुस्तकं. ग्रंथालयात काम केलंय म्हणून कळकळीनं लिहिते. लोक "देणगी" म्हणून वाळवीसकट पोतं आणून दारात ठेवतात आणि पावती मागतात. गावोगावच्या वाचनालयांकडे गाजलेल्या कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती असतात, पाचवी नको असते. आधी यादी कर: नाव, लेखक, साल. मग फोन करून विचार. गोव्यात छापलेलं, जुनी स्थानिक मासिकं, नाटकमंडळींच्या स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल असं काही असेल तर ते वेगळं काढ. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात (ते १८३२ पासूनचं आहे) त्यासाठी जरूर विचार. कादंबऱ्या शेजारच्या शाळेतल्या बाईंना दाखव. जुनी पाठ्यपुस्तकं सरळ रद्दीत. त्यात पाप नाही.

मांडवीपार

आणि फुकट देण्याबद्दल: "फुकट" असं लिहू नकोस. मी सोफा फुकट लावला, नऊ जणांनी "आज येतो" म्हटलं, एकही आला नाही. दहाव्यानं विचारलं, "घरपोच कराल का?" मग पाचशे रुपये लावले, त्याच संध्याकाळी टेम्पो घेऊन माणूस हजर. फुकट म्हटलं की लोकांना वाटतं ढेकूण आहेत.

फोंड्याची_काकू

खरं आहे. आणि मोडकं तेवढं कामवालीला द्यायचं, हेही बंद करा. आमच्या शेजारणीनं बंद पडलेला मिक्सर दिला, वर महिनाभर ऐकवत होती.

घाटमाथा_ते_मांडवी

इथं मी सहसा वाचतो, लिहीत नाही.

काकू म्हणतात त्या दुसऱ्या बाजूचा मी. माझी आई पणजीत तीन घरी कामाला जायची. आमच्या खोलीतलं जवळजवळ सगळं दुसऱ्याच्या घरून आलेलं. न चालणारी इस्त्री, एक पाय नसलेली खुर्ची, हँडल नसलेला कुकर. आई नाही म्हणायची नाही, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वेळी चांगलं मिळणार नाही. मग रविवारी बाबा ते सगळं सायकलवर बांधून भंगारवाल्याकडे न्यायचे. म्हणजे तुमचं भंगार टाकायची हमाली आम्ही करत होतो.

एका बाईंनी मात्र पायाचं शिलाई मशीन दिलं होतं. देण्याआधी तेलपाणी केलं, नवा पट्टा घातला, आईला समोर बसवून एक उशीचा अभ्रा शिवायला लावला, चालतं का बघायला. आणि तीनशे रुपये मागितले, महिन्याला पन्नास प्रमाणे. आई ती गोष्ट अजून सांगते. मशीन "दिलं" असं म्हणत नाही, "मी घेतलं" म्हणते.

तांबडी_माती, तुमच्या मशीनचं काय ठरलं?

तांबडी_माती

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मशीनला तेल घातलेलं नाही. या रविवारी घालतो. व्यक्तिगत संदेश करतो.

दर्याची_हवा

गाद्या कुणीच घेणार नाही हे लिहून ठेव. दुसऱ्याची गादी कुणी वापरत नाही. पिंजारी असता तर कापूस पिंजून नव्या खोळीत भरला असता, आता दारावर येणारा पिंजारी कुठं दिसतो?

काजूचं_बोंड

नरकासुर! आमच्या वाड्यावरची पोरं दिवाळीआधी त्याच्या पुतळ्यासाठी जुन्या पँटी, पोती, रद्दी मागत दारोदार फिरतात. कपडे त्यांना दे. त्यातून उरलं तर एकतीस डिसेंबरला जाळायचा ओल्डमॅनचा पुतळा आहेच. गोव्यात जुन्या कपड्यांना दोन वेळा मोक्ष मिळतो.

वाड्यावरचा

आणि प्लास्टिकच्या खुर्च्याही त्यातच जाळतात. धूर आम्ही खातो.

काजूचं_बोंड

हे मात्र मान्य. कापड आणि गवत तेवढंच द्यायचं.

तांबडी_माती (९ जून)

पाऊस सुरू झाला, हिशेब देतो.

फ्रिज: ऑनलाइन सतरा फोन, त्यातला एक सैनिक. (खाडीकाठ, तुमची आठवण काढून फोन ठेवला.) शेवटी पदेराकडून गेला, ४,५०० ला, मामाच्या घरापासून तिसऱ्या घरात. काकू, स्टॅबिलायझर पदेराला दिला.

खाटा पसऱ्यावरच्या कागदावरून गेल्या. पुस्तकांच्या यादीला दोन रविवार लागले. तळाशी पंचेचाळीस स्मरणिका निघाल्या, त्या पाटोला दाखवल्या, ठेवून घेतल्या. बाकी शाळेत.

मशीन घाटमाथा_ते_मांडवी यांच्या मावसबहिणीनं घेतलं. आठशे, चार हप्त्यांत. पट्टा मी नवा घातला. अभ्रा शिवून बघितला, मामीच्याच जुन्या लुगड्याचा.

कपाट सात तुकड्यांत बाहेर आलं. खडूचे आकडे घातले होते, तरी एक पाचर उरली आहे. सावर्ड्याचं एक नवं जोडपं घेऊन गेलं, त्यांनी उभं केल्याचा फोटो पाठवला, नीट उभं आहे. सुतारपक्षी, ही पाचर कुठली? पहिल्या माणसानं वाळवी म्हटलं, दुसऱ्यानं आरसा म्हटलं, अगदी तुम्ही सांगितलेल्या क्रमानं.

भाण विकणार होतो. मामीला फोन केला (बोंडा, तुझं ऐकायला दीड महिना लागला), ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "चवथीला सगळे आलात की न्हायला पाणी कशात तापवणार?" भाण नव्या छपराखाली परत गेलंय.

स्कूटर फॉर्म ३१ वर अडकली आहे. मामेभावाची सही यायचीय.

गाद्या अजून आहेत. कुणाला हव्या?

सुतारपक्षी

पाचर मुकुटाची असेल. त्यांना पाठव, वारा लागला की वरून हलेल.

काजूचं_बोंड

गाद्या दिवाळीपर्यंत कोरड्या ठेव.